कुकरच्या दांड्यातल्या राण्या

हळदीची रेघ ओढली की मुंग्या ती ओलांडत नाहीत, असं अर्धा महाराष्ट्र मानतो. मी लग्न होऊन कुरुंद्याला आले तेव्हा आमच्या माजघरात हळदीची पोती आढ्याला टेकली होती, आणि त्या पोत्यांवरून मुंग्यांची रांग निवांत चालली होती. मी जवळा बाजारची, कापूस-सोयाबीनच्या घरातली. हळदीवर माझी श्रद्धा होती. ती लग्नाच्या तिसऱ्या दिवशीच गेली.

मुंग्या इवल्याशा, पिवळसर. नीट पाहिलं नाही तर दिसायच्याही नाहीत. साखरेच्या डब्यात, तुपाच्या बरणीत, लेकीच्या दुधाच्या कपात, जिथं जाल तिथं त्या आपल्या आधी पोचलेल्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते, बी.एस्सी.ला माझा प्राणिशास्त्र विषय होता, त्यामुळे घरात मुंगी, पाल, विंचू असं काहीही निघालं की माझ्या नावानं हाक यायची. जणू मीच ते कॉलेजातून बरोबर आणलं होतं.

मी सांगतेय त्या वर्षी घरात माणसं बेताचीच. माझा नवरा, थोरले दीर, आमची चार वर्षांची लेक आणि दोन सासवा. थोरल्या जाऊबाई मुलांच्या शाळेसाठी परभणीला खोली करून राहतात, दिवाळीला आणि हळद शिजवायला येतात. दोन सासवांपैकी एक खरी, तिला मी आत्याबाई म्हणते. दुसरी तिची धाकटी जाऊ, माझी चुलतसासू. तिला सगळं घर काकू म्हणतं. काकूंना मूलबाळ नाही आणि काका जाऊन पुष्कळ वर्षं झाली. दोघी चाळीसएक वर्षं एकाच चुलीवर रांधत आल्या होत्या आणि या चाळीस वर्षांत मिठाच्या बाबतीत त्यांचं एकदाही जमलेलं नव्हतं.

त्यांच्या मध्ये मी. वरण पातळ केलं की आत्याबाई म्हणायच्या, "ह्याच्यात काय म्हैस धुवायची व्हय?" घट्ट केलं की काकू म्हणायच्या, "चाकूनं कापून वाढ आता." येसराच्या आमटीत एकीला लसूण पुढं लागायचा, दुसरीला मागं. मी एकदा दोघींच्या दोन वेगळ्या आमट्या केल्या, तर दोघींनी मिळून मला उधळी ठरवलं. एवढ्या एका गोष्टीवर मात्र त्यांचं बराबर एकमत झालं.

तर मुंग्या. एका रविवारी मी वसमतहून फवाऱ्याचा डबा आणला आणि स्वयंपाकघरातली रांग मुळापासून शेंड्यापर्यंत साफ केली. चार दिवस मी मान ताठ करून वावरले. पाचव्या दिवशी नवऱ्याच्या इस्त्रीच्या शर्टांतून मुंग्या निघाल्या. सहाव्या दिवशी देव्हाऱ्यातून. मग स्विचबोर्डातून. मी जिथं निघाल्या तिथं फवारत गेले आणि त्या जिथं फवारलं नव्हतं तिथून निघत गेल्या. पंधरा दिवसांत एका रांगेच्या पाच रांगा झाल्या. दीर म्हणाले, "तुमी फवारून राहिल्या का पेरून राहिल्या?"

शेवटी एका सकाळी कुकर गॅसवर ठेवला आणि त्याच्या दांड्यातून मुंग्यांचा लोंढा बाहेर पडला. कुकरचा दांडा आतून पोकळ असतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी कुकर उतरवला, स्क्रू काढले, दांडा वर्तमानपत्रावर झटकला. आत पांढऱ्या अंड्यांचा पुंजका, आणि त्याच्यावर कामकरी मुंग्यांपेक्षा मोठ्या, गडद रंगाच्या तीन राण्या. मी शाळेतलं भिंग आणून दोन तास त्या वर्तमानपत्रावर वाकून बसले. त्या दिवशी घरात भात पातेल्यात झाला आणि तो जरा लागला. त्यावरही दोन मतं पडली.

मग मी वाचून काढलं. या जातीच्या मुंग्यांचं सगळंच वेगळं. एका घरट्यात एकच राणी, हे आपण पुस्तकात शिकतो, मीही तसंच शिकवत आले होते. इथं राण्या पुष्कळ, कधी कधी शेकड्यानं. त्या एकमेकींशी भांडत नाहीत. सगळ्यांची अंडी एकाच ढिगात पडतात आणि कामकरी मुंग्या तो ढीग सांभाळतात. कोणतं अंडं कोणाचं, हे बघत बसायला त्यांना वेळ नसतो. आणि धोका वाटला की एकेक राणी थोड्या मुंग्या, थोडी अंडी घेऊन पायी पायी निघते आणि दुसरीकडं बिऱ्हाड थाटते. फवारा म्हणजे त्यांच्यासाठी धोक्याची घंटाच. म्हणजे इतके दिवस मी त्यांना मारत नव्हते, त्यांच्या वाटण्या करून देत होते.

हे मी मोठ्या उत्साहानं दोघी सासवांना सांगितलं. आत्याबाई शेंगा फोडत होत्या. त्यांनी हात थांबवला.

"एका घरात दहा दहा राण्या?"

"हो."

"आन् भांडत न्हाईत?"

"नाही भांडत."

"मंग त्या बायका न्हाईत," आत्याबाई म्हणाल्या आणि पुढची शेंग फोडली.

काकू तोंडाला पदर लावून हसल्या. आत्याबाईंच्या बोलण्यावर काकू हसल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आता एक कबूल करते. मुंग्यांच्या या वाटणीचा मी फायदा उठवला. मला माझं स्वतःचं स्वयंपाकघर हवं होतं, फार दिवसांपासून हवं होतं. वरण मला हवं तसं करायचं आणि कोणी काही म्हणायचं नाही, इतकीच माझी स्वर्गाची कल्पना. वसमत रस्त्याला लागून आमचा एक प्लॉट होता, तिथून शाळा जवळ, शेतही जवळ. मी नवऱ्याच्या मागं लागले. संसार वाढला की मुंग्यासुद्धा वेगळ्या होतात, त्यात भांडण नसतं, उलट इकडची मुंगी तिकडं गेली तर कोणी अडवत नाही, असं त्याला पटवलं. त्यानं भावाला पटवलं. कोणी कोणावर आवाज चढवला नाही. दोन खोल्या, न्हाणी आणि ओटा असलेलं स्वयंपाकघर, असं आमचं घर उभं राहिलं. दीर थोरले म्हणून आत्याबाईंनी जुन्या घरात त्यांच्याकडं राहायचं, हेही न बोलता ठरून गेलं.

काकूंचं काय, हे कोणीच काढलं नाही. मीही काढलं नाही. मला वाटलं, असेल ठरलेलं.

नवीन घरी जायला आठ दिवस राहिले असतील. सगळे जेवायला बसलो होतो. मी फोनवर मुंग्यांबद्दल आणखी काही वाचलं होतं आणि मला शिक्षकाची खोड, कळलेलं पोटात ठेवता येत नाही. मी म्हणाले, "सगळीकडंच काही इतकं गोडीगुलाबीनं चालत नाही. काही जातींत राण्या फार झाल्या की कामकरी मुंग्याच जास्तीच्या राण्या मारून टाकतात."

"आन् जास्तीची कोणती हे कोन ठरवतं?" दिरांनी विचारलं.

"जी अंडी घालत नसेल ती," मी म्हणाले.

मी भाकरी मोडत होते. मोडलेला तुकडा तोंडात घालताना मी मान वर केली. आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. काकूंनी आपलं ताट उचललं. त्यात अर्धी भाकरी तशीच होती. "भूकच न्हाई आज," म्हणाल्या आणि मोरीकडं गेल्या.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. आणि खरं सांगायचं तर मी वाचलं होतं त्यात तसं काही लिहिलेलंच नव्हतं. मुंग्या कोणत्या राणीला मारतात आणि का, हे जाणकारांनाही नीट उमगलेलं नाही, असंच तिथं म्हटलं होतं. अंड्यांचं ते मी पदरचं घातलं. वर्गात पोरांनी प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसलं की 'बघून सांगते' म्हणायची माझी शिस्त आहे. घरात ती मला सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठले. माफी मागायची होती, पण तोंडावर कशी मागायची ते ठरत नव्हतं. चहा ठेवावा म्हणून स्वयंपाकघरात गेले तर मागचं दार उघडं. उजाडलेलं होतं. मोरीच्या मागं भिंतीला मोठी भेग आहे, तिथं काकू उकिडव्या बसल्या होत्या आणि चिमटीनं काहीतरी भुरभुरवत होत्या. जवळ जाऊन पाहिलं. पीठ आणि साखर.

त्याच भेगेच्या पलीकडं वीतभर अंतरावर मी महिन्याभरापूर्वी ठेवलेलं डब्याचं झाकण होतं. फवारा टाकून देऊन मी अक्कलहुशारीनं बोरिक पावडर गुळात कालवून ठेवली होती, मुंग्यांनी ती घरट्यात न्यावी आणि राण्यांना चारावी म्हणून. रोज बघत होते, गूळ जसाच्या तसा. माझा उपाय का लागू पडत नाही, याचा मी महिनाभर अभ्यास करत होते. इकडं त्यांना रोज सकाळी ताजं पीठसाखर मिळत होतं, त्या माझा शिळा गूळ कशाला खातील?

"काकू, हे तुम्ही घालता?"

त्या दचकल्या नाहीत. "व्हय."

"कधीपासून?"

"लगीन होऊन चार वर्सं झाली व्हती तवापासून." त्यांनी चिमूट झटकली. "कूस उजवंना. एक म्हाराज आले व्हते गावात. मुंग्याला चाळीस दिस पीठसाखर घाल म्हन्ले. मी घालाया लागले. मदी एकदा ताप आला, दोन दिस चुकले का तीन, कळंना. म्हन्लं पुन्ना पयल्यापासून घालावं. पुन्ना चुकलं. मंग आपलं घालतच राहिले."

"इतकी वर्षं?"

"मंग कुटं थांबावं तेच कळंना, बाई. थांबले आन् दुसऱ्या दिशी काई झालं असतं तर?"

पहिल्या वर्षी त्यांना नक्कीच आशा होती. पाचव्या वर्षीही असेल. साठी उलटलेल्या बाईला कसली आशा, हे मी विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं. आशाबिशा काही नाही, म्हणाल्या, सवय झाली, आणि इतके जीव रोज वाट बघतात तर त्यांना काहून उपाशी ठेवायचं. आत्याबाईंना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. साखरेचा डबा महिन्याच्या आधीच संपायचा तेव्हा त्या घरातल्या पोरांच्या नावानं ओरडायच्या, पण काकूंना एका शब्दानं कधी विचारलं नाही. हे मला फार नंतर कळलं.

मी तिथंच ओल्या फरशीवर बसले. म्हणाले, "काकू, काल मी जे बोलले ना, ते खोटं होतं. तसं कुठंच लिहिलेलं नाही. ते मी माझ्या मनानं सांगितलं."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "इतकी शिकली, आन् मनानं सांगती व्हय?"

"चुकले."

"पोरांना बी असंच शिकवती का?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, आणि जाता जाता म्हणाल्या, "त्या राणीला मारून राहिल्या तवा बाकीच्या राण्या गप बघतात का गं?" उत्तराला न थांबता त्या आत गेल्या.

त्या दिवशी शाळेतून आल्या आल्या मी नवऱ्याला गाठलं. "काकू कोणाकडं राहणार?"

"दादाकडं. तिचं समदं आयुष्य त्या घरात गेलं, ती कुटं येती?"

"तू तिला विचारलंस?"

"दादानं इचारलं असंल की."

मी दिरांकडं गेले. दीर पोती मोजत होते. म्हणाले, "तुमच्यासंगं येतीय ना ती? तुमच्या नवऱ्याला तिनंच वाढवलं. त्यो जन्मला तवा माय सहा महिने आजारी व्हती, काकूनंच केलं त्याचं समदं. त्यो तिला नेल्याबिगर कसा राहील?"

"तुम्ही विचारलंत त्यांना?"

"त्यानं इचारलं असंल की."

दोघंही काकूंचे लाडके. दोघांनाही वाटलं की त्या दुसऱ्याच्या जास्त लाडक्या. त्या घरातल्या पुरुषांनी वर्षभर घराचा पाया, सिमेंट, नळ, मीटर यांवर इतक्या बैठका घेतल्या की चहाची दोन पातेली झिजली, पण हा एक प्रश्न कोणाच्या बैठकीत आला नाही. मी आत्याबाईंकडं गेले. त्या एकदम उसळल्या, "मला काहून इचारती? ती काय म्हैस हाय का, वाटून घ्यायला?" आणि पाठ करून तांदूळ निवडत बसल्या. निवडून झालेलेच तांदूळ होते.

तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला, तेही लिहिते, नाहीतर हे सगळं लिहिण्याला अर्थ नाही. मला वाटलं, काकू आल्या तर बरंच होईल. मी शाळेत जाते, लेकीला कोणी सांभाळायला हवं. आणि लगेच दुसरा विचार आला की त्या आल्या तर माझं स्वयंपाकघर माझं राहणार नाही. या दोन विचारांचा मी आठवडाभर हिशोब मांडत बसले आणि काकूंना काही विचारलं नाही. त्या मात्र रोजच्यासारखं सगळं करत होत्या. फक्त मिठावरून बोलेनाशा झाल्या. आत्याबाईंनी एकदा मुद्दाम आमटी खारट केली. काकूंनी ती मुकाट्यानं खाल्ली.

सामान न्यायच्या दिवशी सकाळी टेम्पो दारात आला. पलंग, कपाट, लेकीची सायकल चढली. मी शेवटची बादली घेऊन बाहेर आले तर काकू दारासमोरच्या ओट्यावर बसलेल्या. धुतलेलं लुगडं, केस विंचरलेले, शेजारी एक गाठोडं. चादरीत बांधलेलं, फार मोठं नाही. चाळीस वर्षांच्या मानानं तर फारच लहान. त्या कोणाकडंच बघत नव्हत्या. दिरांना वाटलं त्या टेम्पोत बसायला आल्यात. नवऱ्याला वाटलं आमचं जाणं बघवत नाही म्हणून बाहेर बसल्यात. मला कळलं की कोणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून त्यांनी दोन्हीकडची तयारी करून ठेवलीय. नेलं तर जायचं. नाही नेलं तर गाठोडं उचलून परत आत.

मी बादली खाली ठेवली.

"काकू, आमच्याकडं येता का राहायला?"

त्यांनी मान वर केली. "मला कामाला नेतीस का मानाला?"

वर्गात बारा वर्षांत माझी बोलती कोणी बंद केली नव्हती. दीर टेम्पोची दोरी बांधता बांधता थांबले. नवरा जमिनीकडं बघायला लागला. मानाला, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण त्या बाईपुढं पुन्हा पदरचं काही घालायची माझी छाती झाली नाही.

"आधी कामाला म्हणूनच मनात आलं होतं," मी म्हणाले. "लेकीला कोण बघेल, असं वाटलं होतं. आठ दिवस मी तेवढ्याचाच विचार करत होते."

"आन् आता?"

"आता तुम्ही नाही आलात तर त्या घरात माझा पाय टिकणार नाही."

काकूंनी गाठोडं उचलून माझ्या हातात दिलं. "धर," म्हणाल्या, "तिला सांगून येते," आणि आत गेल्या.

आम्ही बाहेर उभे राहिलो. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग आत्याबाईंचा आवाज चढला, मग काकूंचा. बिडाच्या तव्यावरून चाललं होतं. तवा माझ्या माहेरचा, असं आत्याबाई म्हणत होत्या, माहेरचा असला तरी भाकऱ्या मी थापल्या, असं काकू. टेम्पोवाल्यानं बिडी पेटवली. नवरा आत जायला निघाला, तर दिरांनी त्याचा हात धरला. "राहू दे," ते म्हणाले.

बऱ्याच वेळानं काकू बाहेर आल्या. तवा त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. लुगड्यावर काजळी लागली होती आणि डोळे लाल झाले होते. त्या टेम्पोत पुढं जाऊन बसल्या, त्यांच्या शेजारी मी. आत्याबाई दारापर्यंतसुद्धा आल्या नाहीत. गाडी सुरू झाली, गल्लीच्या वळणापर्यंत गेली, तरी आत एकामागून एक भांडी आपटल्याचा आवाज येत होता.